माझं वय ४४, माझ्या सोरायसिसचं वय २६

टाच दुखायला लागली तेव्हा मी ४३ वर्षांची होते आणि खरं सांगायचं तर मला त्यात विशेष काही वाटलंच नाही. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, भिंतीला धरत धरत बाथरूमपर्यंत जायचं, मग तास-पाऊण तासात चालून चालून मोकळं व्हायचं आणि दिवसभर मी ते विसरूनही जायचे. जिला जिला सांगितलं तिने एकच ऐकवलं, चाळिशी उलटली ना, आता हे असंच. मला पटलं पण. पाळी मागेपुढे व्हायला लागली होती, झोप नीट लागत नव्हती, त्यात टाच, म्हणजे सगळं एकाच गाठोड्यातलं असणार.

मग बोटं सुरू झाली. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांचं शेवटचं पेर, म्हणजे नखाच्या लगेच खालचा सांधा, तो लालसर दिसायचा आणि सकाळी शर्टाचं बटण लावताना बोट वाकायचंच नाही. बटण काजापर्यंत न्यायचं, ते निसटायचं, परत न्यायचं. शेवटी दातात बाही धरून लावायचे. हे मी कुणालाच सांगितलं नाही, लाज वाटली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं. आरए फॅक्टर ही संधिवाताची चाचणी निगेटिव्ह, अंगातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी नॉर्मल, युरिक ॲसिड किंचित वर. म्हणाले संधिवात नाहीये, या वयात बायकांच्या बोटांच्या टोकाचे सांधे झिजतात, मेनोपॉज जवळ आला की होतं, कॅल्शियम घ्या आणि वजन थोडं कमी करा. मी निश्चिंत होऊन घरी आले. आता यात त्यांची सगळी चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्या वयात बायकांच्या त्याच सांध्यांवर झिजेच्या गाठी खरोखरच येतात, आणि मी त्यांना सांगितलं काय होतं, तर टाच दुखते आणि बोटं दुखतात. मला १८व्या वर्षापासून सोरायसिस, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे येण्याचा आजार, आहे हे त्यांच्या फाइलमध्ये नव्हतंच. कारण ते स्किनवाल्या डॉक्टरांचं खातं ना. स्किनवाल्या मॅडमना मी कधी सांधे दाखवले नाहीत आणि सांध्यांसाठी जिथे गेले तिथे चट्टे दाखवले नाहीत, मोठ्या बाहीचा कुर्ता घालून बसले. दोन्ही गोष्टी एकाच अंगात राहत होत्या आणि मी मात्र त्यांना वेगवेगळ्या दवाखान्यांत घेऊन फिरत होते.

सोरायसिस माझा काही भयंकर नव्हता हेही सांगायला हवं. कॉलेजात कोपरांवर चट्टे आले, डोक्यात खपल्या, ज्याला सगळे कोंडा म्हणायचे. मलम लावलं की बसायचं, थंडीत परत यायचं. मधे सात-आठ वर्षं जवळजवळ काहीच नव्हतं आणि मला वाटलं गेला. नखांवर मात्र बारीक खड्डे होते, टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे, त्याला कुणी कॅल्शियम कमी म्हणालं, कुणी बुरशी म्हणालं, एकदा तर चार महिने मी बुरशीचं औषध लावलं. मग नेलपॉलिश लावायला लागले, विषय संपला.

खरा उलगडा झाला तो पायाच्या एका बोटामुळे. डाव्या पायाचं चौथं बोट, ज्याच्याकडे आयुष्यात कधी लक्ष जात नाही असं बोट, ते एका आठवड्यात मुळापासून टोकापर्यंत फुगलं. नुसता सांधा सुजलेला नाही, अख्खं बोट, शेजारच्या बोटाच्या दीडपट, रंग जांभळट, आणि बुटात घातलं की डोळ्यांत पाणी. मला वाटलं कुठेतरी ठेचकाळलं असेल आणि आठवत नसेल. त्याच सुमारास डोक्यातल्या खपल्या वाढल्या म्हणून स्किनवाल्या मॅडमकडे गेले, पायात उघड्या चपला होत्या कारण दुसरं काही पायात जातच नव्हतं. मॅडमनी डोकं बघितलं, औषध लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता त्यांची नजर खाली गेली. पेन ठेवला. म्हणाल्या, हे बोट कधीपासून असं आहे?

मग त्यांनी पाच प्रश्न विचारले. कधी सांधा सुजला होता का, कुठल्या डॉक्टरांनी संधिवात आहे असं सांगितलंय का, नखांवर खड्डे आहेत का, टाच दुखते का, आणि हाताचं किंवा पायाचं अख्खं बोट काही कारण नसताना सुजून दुखलंय का. पाचातली चार उत्तरं हो. नंतर कळलं की या प्रश्नावलीला पेस्ट म्हणतात आणि तीन हो आले तरी सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. दोन मिनिटांचं काम आहे. इतक्या वर्षांत मला कुणी ते विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं. मॅडमनी तिथल्या तिथे रुमॅटॉलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, हे पुढच्या महिन्यावर टाकू नका.

रुमॅटॉलॉजिस्टकडे मी तयारी करूनच गेले होते, बसल्या बसल्या म्हटलं, डॉक्टर माझं वय ४४ आहे, या वयात थोडंफार होणारच ना. ते फाइल चाळत होते, वर न बघता म्हणाले, "तुमचं वय कळलं. सोरायसिसचं वय किती?"

मला प्रश्नच कळला नाही आधी. म्हणजे सुरू कधी झाला, असं त्यांनी विचारलं. मी बोटांवर मोजून सांगितलं, २६ वर्षं.

तर त्यांचं म्हणणं असं, आणि नंतर मी बरंच वाचलं त्यातही हेच होतं, की सोरायटिक आर्थरायटिस, म्हणजे सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, होतो कुठल्याही वयात, पण सगळ्यात जास्त माणसं सापडतात ती साधारण ३० ते ५० या टप्प्यात, पुरुष आणि बायका जवळजवळ सारखेच. का, तर बऱ्याच जणांना सोरायसिस विशी-तिशीत सुरू होतो, आणि बहुतेकांमध्ये कातडी आधी आणि सांधे नंतर, मधे सरासरी सात ते दहा वर्षं जातात. म्हणजे सांध्यांचं वय बघायचं तर कातडीच्या वयापासून मोजायला घ्यायचं. माझं अंतर सरासरीपेक्षा बरंच लांबलं. ते म्हणाले लवकर सुरू झालेल्या सोरायसिसमध्ये असं लांबलेलं दिसतं, आणि सात-आठ वर्षं अंगावर काही नव्हतं म्हणजे तो गेला असं धरायचं नसतं, मीटर चालूच असतो. हा मीटर शब्द त्यांचाच. काही जणांना दोन्ही एकदमच येतं, आणि साधारण सातातल्या एकाला सांधे आधी धरतात, चट्टे मागून येतात, त्यांचे हाल सगळ्यात जास्त कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मग तपासणी. बोटांचे सांधे एकेक करून दाबले. झिजेच्या गाठी दाबल्या की टणक लागतात, हाडासारख्या, माझे सांधे मऊ होते आणि थोडे गरम. झीज असेल तर वापरून वापरून संध्याकाळी दुखतं आणि विश्रांती घेतली की बरं वाटतं, माझं बरोब्बर उलटं, झोपून उठलं की वाईट. आणि ज्या दोन बोटांचे सांधे सुजलेले त्याच दोन बोटांच्या नखांवर सगळ्यात जास्त खड्डे, टॉर्च मारून त्यांनी मला दाखवलं. नखाचं मूळ आणि तो शेवटचा सांधा हे आतून एकमेकांना चिकटलेलेच असतात म्हणे, सांध्यावरचा स्नायूबंध जिथे संपतो तिथेच नखाचं मूळ आहे. मी इतकी वर्षं त्यावर नेलपॉलिश लावत होते. टाचेत मागून जिथे जाड शीर येऊन हाडाला चिकटते तिथे अंगठ्याने दाबलं आणि मी खुर्चीतून उठलेच.

पुढचा प्रश्न जरा अवघड होता. मागे, बसायच्या जागी, फटीत, कधी लालसर चट्टा, खाज, चिरा असं काही? मी गप्प. होतं. कित्येक वर्षं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, घामाने होत असेल म्हणून पावडर लावायचे. डॉक्टर अगदी सहज म्हणाले की डोक्यातला, नखांतला आणि या जागचा सोरायसिस असलेल्यांना सांध्यांचा धोका जास्त असतो म्हणून विचारावं लागतं. म्हणजे अंगावर किती चट्टे आहेत एवढ्यावरच नाही, कुठे आहेत त्यावरही आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी असं लपवत असेल तर सांगून टाका बाई, डॉक्टरांना त्याचं काहीही वाटत नाही.

त्यांनी कागदावर मार्क मांडले. हा आजार ओळखायला २००६ साली ठरलेले कॅस्पर म्हणून निकष आहेत. आधी सांध्याला किंवा टाचेला सूज हवी, मग मार्क मोजायचे. अंगावर आत्ता सोरायसिस आहे, दोन. नखं, एक. अख्खं सुजलेलं बोट, एक. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह, एक. सोरायटिक आर्थरायटिस म्हणायला तीन पुरतात, मला पाच. ज्या रिपोर्टवर मला संधिवात नाही म्हणून घरी पाठवलं होतं त्याच रिपोर्टचा इथे एक मार्क मिळाला, मला हसावं की रडावं कळेना. ईएसआर आणि सीआरपी या आजारात निम्म्या लोकांचे नॉर्मल येऊ शकतात, त्यामुळे ते नॉर्मल आले म्हणून सुटलो असं नसतं. युरिक ॲसिडसुद्धा सोरायसिसवाल्यांचं थोडं वर असू शकतं, त्यावरून लगेच गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, ठरवायचं नसतं. एक्स-रेमध्ये मधल्या बोटाच्या टोकाच्या सांध्याला कडेने उंदराने कुरतडल्यासारखं बारीक दिसत होतं. बारीक, पण होतं. टाच दुखायला लागल्यापासून इथे पोचेपर्यंत चौदा महिने गेले होते, आणि या आजारात सहा महिन्यांचा उशीरसुद्धा हाडांना बाधतो हे मी नंतर वाचलं, न वाचलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी मोबाइल घेऊन बसले आणि आकड्यांनी डोकं फिरवून घेतलं. टोरांटोच्या अभ्यासात सोरायसिसच्या शंभर जणांमागे दर वर्षी २.७ जणांना नव्याने सांध्यांचा आजार. मी लगेच गुणाकार केला, २६ गुणिले २.७, सत्तर! म्हणजे मला होणारच होतं की काय. मग अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीचा अभ्यास वाचला, तिथे सोरायसिस झाल्यापासून ५ वर्षांत १.७ टक्के, १० वर्षांत ३.१ आणि २० वर्षांत ५.१ टक्के. आता यातलं खरं कुठलं? पुढच्या भेटीत विचारलं तर डॉक्टर हसले, म्हणाले दोन्ही खरे. एकात दवाखान्यात येऊन बसलेले पेशंट मोजलेत, त्यात जास्त सोरायसिसवाले जास्त, शिवाय त्यांचे सांधे दर वर्षी मुद्दाम तपासले जायचे. दुसऱ्यात एका भागातले सगळे धरलेत, ज्यांना कोपरावर रुपयाएवढा चट्टा आहे तेही. आणि वर्षांचा असा सरळ गुणाकार करायचा नसतो. एकूण सोरायसिसवाल्यांमध्ये पाचातल्या एकाला, काही अभ्यासांत तर तीस टक्क्यांपर्यंत, असं ते म्हणाले. मला त्यातून एवढंच समजलं की धोका एखाद्या वाढदिवसाला दार वाजवून येत नाही, तो दर वर्षी थोडा थोडा साठत जातो, आणि मधल्या वयात तो उघडा पडतो.

पण मग उशिरा सोरायसिस झालेल्यांचं काय? हा प्रश्न मला पडला तो आत्यामुळे. आत्या ६४ची. तिला दोन वर्षांपूर्वी, म्हणजे साठी उलटल्यावर, कानामागे आणि कंबरेवर चट्टे आले होते, ती त्याला गजकर्ण म्हणायची. माझं निदान झाल्याचं सांगायला फोन केला तर ती म्हणाली, "अगं माझेही हात गेलेत, पण माझं वय झालं." मी विचारलं, सकाळी मोकळे व्हायला किती वेळ लागतो? म्हणाली, "अंघोळ होईपर्यंत हात माझे नसतातच."

पुढच्याच आठवड्यात तिला घेऊन गेले. तिचे दोन्ही पाय सुजलेले, सीआरपी चांगलाच वर, बोटं तर माझ्यापेक्षा तिची जास्त धरलेली. डॉक्टरांनी समजावलं की सोरायसिस सुरू होण्याचे वयाचे दोन टप्पे असतात. १९८५ साली हेन्झेलर आणि ख्रिस्टोफर्स या जर्मन डॉक्टरांनी ४० वर्षांच्या अलीकडचा आणि पलीकडचा अशी विभागणी केली, अलीकडच्यात घरात कुणालातरी असण्याचं प्रमाण जास्त, पलीकडचा पन्नाशी-साठीत येतो. आणि उशिरा आलेल्यात कातडी ते सांधे हे अंतर कमी असतं, आत्याचं दोन वर्षं, माझं २६. शिवाय उतारवयात सुरू झालेला आर्थरायटिस कधीकधी सुरुवातीलाच जोरात येतो, आणि तेव्हा बीपी, किडनी असं आधीचं काहीतरी असतंच, त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या सरसकट देता येत नाहीत. सत्तरीनंतर नव्याने सुरू होणं कमी होत जातं. आत्या हे सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे मी वेळेत गाठलं म्हणायचं.

माझा खरा प्रश्न होता लेकीचा. ती १३ची. तिला काही नाही, पण आईला आहे, आईच्या आत्याला आहे, म्हणून मी रोज तिची नखं बघायला लागले, शेवटी ती वैतागून म्हणाली, आई तू माझ्याकडे बघतेस की नखांकडे. डॉक्टरांना विचारलं की तिची आत्ताच एखादी टेस्ट करून टाकूया का. म्हणाले कुठल्याही टेस्टने आज सांगता येणार नाही, घरात असलं तर शक्यता वाढते, पण बहुतेक मुलांना काही होत नाही. मुलांमध्ये हा आजार क्वचित असतो, आणि त्यातही दोन टप्पे दिसतात, एक अगदी लहानपणी दोन-तीन वर्षांच्या आसपास, त्यात मुली जास्त, आणि दुसरा दहा-बाराच्या पुढे. मुलांमध्ये बऱ्याचदा चट्टे नसतातच, आधी एखादं बोट किंवा गुडघा सुजतो आणि सगळे म्हणतात खेळताना लागलं असेल. सांध्यांचं निदान झालेल्या मुलांचे डोळे ठरावीक दिवसांनी तपासावे लागतात कारण आतली सूज डोळा लाल न होता, न दुखता वाढू शकते. तुम्ही नखांपेक्षा ती सकाळी लंगडते का एवढं बघा, असं म्हणाले. मी नखं बघणं बंद केलंय. म्हणजे तिला कळेल असं बघणं बंद केलंय.

औषधांचं थोडक्यात सांगते. मेथोट्रेक्सेट ही या आजाराची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, मूल हवंय का, दारू घेता का. मी म्हटलं, मूल, या वयात? ते म्हणाले पाळी चालू आहे तोवर विचारणारच, या गोळीवर दिवस राहिले तर बाळाला धोका असतो. गोळी आठवड्यातून एकच दिवस, माझा शुक्रवार, आणि फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. हे रोज घ्यायचं औषध नाही हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं, कारण चुकून रोज घेतली तर लोकांच्या जिवावर बेततं. शनिवारी मळमळ, गळल्यासारखं वाटायचं, लिव्हर आणि रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या. फरक कळायला दोन-अडीच महिने लागले. पायाचं बोट उतरलं, पण हाताची बोटं हट्टी, म्हणून मग टीबीची तपासणी करून ॲडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी सुरू झालं. चौथ्या इंजेक्शननंतर एकदा ऑफिसला पोचल्यावर लक्षात आलं की सकाळी शर्टाची सगळी बटणं मी लावली होती आणि लावताना मला कळलंही नव्हतं.

आता मी ४६ची आहे. मागच्या महिन्यात उजवा गुडघा दुखायला लागला आणि माझी पाचावर धारण बसली, वाटलं आता इथेही आलं, औषध पुरं पडत नाही, आता पुढचं कुठलं. दोन रात्री झोप नाही. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, फिरवला, दाबला, विचारलं सकाळी आखडतो का. नाही. जिना उतरताना दुखतो? हो. बसलं की बरं वाटतं? हो. सूज नाही, गरम नाही. एक्स-रे लाइटवर धरून बघितला आणि खाली ठेवला.

"हे मात्र," ते म्हणाले, "खरंच वयाचं आहे."

मी त्यांना थँक्यू म्हटलं. बाहेर बसलेल्या आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, अगं मग हसतेस काय.